हरीण, भेकर की पिसोरी?

प्रश्न असा आला आहे: रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांज्याकडच्या एका वाडीत विहिरीजवळ लहानसं जनावर सापडलं. बातमीत ‘हरणाचे पिल्लू’ छापून आलं, वाडीतली म्हातारी माणसं त्याला पिसोरी म्हणत होती आणि फोटो पाठवणाऱ्याने खाली ‘भेकरू’ लिहिलं होतं. यातलं बरोबर कोणतं? भेकर आणि भेकरू एकच का? आणि सगळ्यांना सरसकट हरीण म्हटलं तर बिघडतं कुठे?

शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण बिघडतं ते तिथेच. पिसोरी, म्हणजे इंग्रजीतला ‘माउस डिअर’, पूर्ण वाढली तरी खांद्याशी २५ ते ३० सेंमी उंच असते आणि वजन ३ किलोच्या आसपास. तिला ‘पिल्लू’ म्हटलं की लोक तिची आई शोधू लागतात. आई दिसली नाही की जनावर घरी आणतात, खोक्यात ठेवतात आणि बाटलीने गाईचं दूध पाजतात. पाला आणि फळं खाऊन रवंथ करणाऱ्या प्रौढ जनावराला दूध पचत नाही, हगवण लागते. त्यात माणसांच्या गर्दीचा धसका. सोडून दिली असती तर रात्री आपोआप रानात गेली असती ती पिसोरी दुसऱ्या दिवशी मेलेली सापडते. म्हणजे इथे चुकीचा शब्द जनावराच्या जिवावर उठू शकतो. फोटोत काय आहे ते आधी ओळखा, मग नाव द्या.

ओळखायचं कसं? पिसोरीला शिंगं नसतात, नरालाही नाही आणि मादीलाही नाही. तोंड निमुळतं, कान लहान, पाठ कमानीसारखी आणि मागची बाजू किंचित उंच. अंगावरचे पांढरे ठिपके लांबट असून ओळीत येतात, कुशीवर ते एकमेकांना जोडून रेघा झाल्यासारखे दिसतात. सगळ्यांत खात्रीची खूण गळ्याखाली: तिथे ठळक पांढरे पट्टे असतात. भेकराचं, म्हणजे इंग्रजीतल्या ‘बार्किंग डिअर’चं, पाडसही ठिपकेदार असतं, पण त्याचे ठिपके सुटे, गळ्याला असे पट्टे नाहीत, कान डोक्याच्या मानाने मोठे आणि पाय लांब. फोटो समोरून किंवा बाजूने, गळा दिसेल असा काढला तर वाद उरत नाही. वरून काढलेल्या फोटोवरून मात्र भलेभले फसतात.

आता ‘हरीण’ हा शब्द. मराठीत तो फार ऐसपैस आहे. लिखाणात त्याचे सारंग आणि कुरंग असे दोन वाटे केले जातात. सारंग म्हणजे ज्यांची शिंगं भरीव हाडाची असतात, ठरावीक काळाने झडतात आणि नव्याने उगवतात: सांबर, चितळ, भेकर. माद्यांना शिंगं नसतात. कुरंग म्हणजे ज्यांची शिंगं हाडाच्या खुंटावर चढवलेल्या पोकळ टोपणासारखी असतात आणि कधीच झडत नाहीत: काळवीट, चिंकारा, चौसिंगा. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने दुसरा गट गाई-शेळ्यांच्या कुळातला. पिसोरी या दोन्हींत बसत नाही. तिचं कूळच तिसरं, रवंथ करणाऱ्यांतलं जुनं. गाईगुरांच्या पोटाला चार कप्पे असतात, तिच्या पोटाचे नीट वाढलेले कप्पे तीनच. शिंगांऐवजी नराला वरच्या जबड्यात बारीक सुळे असतात. तेव्हा ‘पिसोरी हरीण’ ही जोडी बोलण्यात चालते, पण नुसतं ‘हरीण’ लिहून थांबलात तर वाचकाच्या डोळ्यांसमोर भलतंच जनावर उभं राहतं.

बहुतेकांच्या डोळ्यांसमोर काळवीट नाहीतर चितळ येतं, आणि गंमत म्हणजे कोकणच्या ओल्या रानात या दोघांपैकी कोणीही नेहमीचं नाही. काळवीट उघड्या माळाचं जनावर. त्याच्यासाठी प्रसिद्ध असलेलं रेहेकुरी अभयारण्य कर्जत तालुक्यात आहे हे वाचून काही जण रायगडातल्या कर्जतला जायला निघतात. ते कर्जत अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातलं. चितळाचे कळप पाहायचे तर कोकणच्या उत्तरेकडे, बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, तिथे ते भरपूर आहेत. रायगडात मुरूडजवळचं फणसाड, म्हणजे पूर्वीचं जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, तिथे सांबर, भेकर आणि पिसोरी तिन्ही आहेत. दक्षिणेकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात आंबोली-तिळारीच्या पट्ट्यापर्यंत माणसाच्या सगळ्यांत जवळ राहतं ते भेकर. देवरहाटी (देवासाठी राखलेलं रान), पऱ्याकाठची म्हणजे ओढ्याकाठची झाडी, सड्याच्या (जांभ्याच्या पठाराच्या) कडेचं झुडपी रान, काजूच्या बागेला लागून असलेली करवंदीची जाळी, एवढं त्याला पुरतं. ते कळपाने राहत नाही. एकटं नाहीतर जोडीने, फार तर मादी आणि पाडस. म्हणून ‘भेकरांचा कळप दिसला’ असं वाचलं की बातमीदाराने बहुधा चितळं पाहिली आहेत असं समजावं.

कोकणापुरतं हे जनावर नाही, हेही सांगायला हवं. भेकरं श्रीलंकेपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत, पुढे म्यानमार आणि दक्षिण चीनपर्यंत पसरलेली आहेत, आणि त्यांची जवळची भावंडं जावा-बोर्निओत. हिंदीत त्याला काकड म्हणतात, कानडीत काडुकुरी, म्हणजे रानमेंढी. पिसोरीचा पसारा मात्र बराच लहान, मुख्यतः भारतीय द्वीपकल्प. जाता जाता एक गोष्ट: भारतीय भेकराच्या मादीच्या पेशीत गुणसूत्रं फक्त ६ आणि नराच्या ७. माणसात ती ४६ असतात. सस्तन प्राण्यांत इतकी कमी गुणसूत्रं दुसऱ्या कोणात सापडलेली नाहीत.

भेकर आणि भेकरू यांच्याकडे वळू. जनावर एकच. दोन रूपं का टिकली ते मराठीच्या विभक्तीतच सापडतं. अनेकवचन ‘भेकरं’, सामान्यरूप ‘भेकरा-’: भेकराचं, भेकरांना. बोलताना हीच रूपं जास्त येतात. त्यांवरून एकवचन बांधताना दोन वाटा मोकळ्या राहतात. घर–घरं–घराचं या चालीवर ‘भेकर’, आणि लेकरू–लेकरं–लेकराचं या चालीवर ‘भेकरू’. दोन्ही नपुंसकलिंगी, दोन्ही व्याकरणाला धरून. लिखाणात ‘भेकर’ रुळलं आहे, तेच वापरावं असं माझं मत, पण ‘भेकरू’ला अशुद्ध म्हणू नये. मात्र शहरी कानाला ‘-रू’ ऐकलं की लेकरू, कोकरू, वासरू आठवतात आणि भेकरू म्हणजे भेकराचं पिल्लू असा समज होतो. तो चूक. मेंढरू आणि पाखरू ही काही पिल्लं नव्हेत. पिल्लाला शब्द आहे पाडस. ‘भेकराचं पाडस’ म्हणा. बातम्यांतलं ‘शावक’ हे उसनं भारदस्तपण आहे आणि ‘बछडा’ तर हरणाला कधीच शोभत नाही.

‘-रू’मुळे आणखी एक घोळ होतो, तो शेकरूशी. शेकरू म्हणजे झाडावरची मोठी खार, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तिचा भेकराशी काहीही संबंध नाही. पण दोघांचा रंग तांबूस आणि नावात एका अक्षराचा फरक, त्यामुळे ‘शेकरू जातीचे हरीण’ असा मथळा अधूनमधून दिसतो. ‘लेकरू’च्या चालीने पाहिलं तर ‘शेकरांची संख्या’ व्हायला हवं. वर्तमानपत्रं ‘शेकरूंची’ लिहितात. आता ते इतकं पसरलं आहे की मोडता येणार नाही.

‘भेकर’ आणि ‘भेकड’ यांची सांगड घालण्याचा मोह अनेकांना होतो: भित्रं म्हणून भेकर. नुसत्या उच्चाराच्या साम्यावर अशी व्युत्पत्ती मांडू नये, आणि जनावराच्या वागण्यालाही ती धरून नाही. संशय आला की भेकर झाडीच्या आडोशाने उभं राहतं आणि भुंकतं, कुत्र्यासारखं, पण एकेक आवाज सुटा. कधी कधी तासभर हे चालतं. क्रियापद ‘भुंकणं’ हेच योग्य, ‘हंबरणं’ किंवा ‘किंचाळणं’ नव्हे. भेकर भुंकलं की गावात ‘वाघ फिरतोय’ म्हणतात. इथे कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं की हा वाघ म्हणजे बिबट्या, पट्ट्यांच्या वाघाला ‘पट्टेरी’ किंवा ‘ढाण्या’ असं विशेषण लावतात. अर्थात भेकर बिबट्यावरच भुंकतं असं नाही. कोळसुंदे म्हणजे रानकुत्री, गावातली कुत्री, पायवाटेने येणारा माणूस, कशावरही भुंकतं. त्यामुळे भुंकणं म्हणजे ‘काहीतरी आलंय’, एवढाच अर्थ घ्यावा.

भेकर भेकड नाही हे दाखवणारी दुसरी गोष्ट, नराचे सुळे. भेकराच्या नराला शिंगं आहेत, पण ती आखूड, फार तर दहा-बारा सेंमी, आणि केसाळ कातड्याने मढलेल्या लांब खुंटांवर उभी. शिंग झडतं, खुंट राहतो. या खुंटांच्या हाडाचे कंगोरे कपाळावरून खाली उतरतात, म्हणून तोंडावर इंग्रजी ‘व्ही’सारख्या दोन काळ्या रेघा दिसतात. मादीच्या डोक्यावर शिंगांच्या जागी केसांचे झुबके असतात. नराचा खरा हत्यारखाना म्हणजे वरचे दोन सुळे, ओठाबाहेर डोकावणारे. अंगावर आलेल्या कुत्र्याला तो त्यांनी फाडतो, आणि विहिरीतून काढताना तोंडाजवळ हात नेणाऱ्या माणसालाही.

विहिरीचा विषय निघालाच आहे तर. चैत्र-वैशाखात पऱ्ये आटले की जनावरं वस्तीकडच्या पाण्याला येतात, आणि कठडा नसलेली, कडेला गवत वाढलेली जांभ्याची विहीर रात्री दिसत नाही. खांद्याशी ५० ते ७५ सेंमीचं, वीस-पंचवीस किलोचं भेकर पोहतं चांगलं, पण सरळ चिऱ्यांवरून चढू शकत नाही. पोहून पोहून दमतं. अशा वेळी आधी वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. तोवर दोराने फळी किंवा ओंडका सोडला तर त्यावर पुढचे पाय टेकून ते तग धरतं. गळ्यात फास टाकून ओढलं तर मान मोडते. जाळ्यात घेऊन वर काढलं की डोळ्यांवर कापड टाकावं, माणसं मागे हटवावीत, पाणी पाजू नये, फोटोसाठी धरून ठेवू नये. हरणांत धावपळीने आणि भीतीने स्नायूंना इजा होते आणि वरून एकही जखम नसताना जनावर काही तासांनी, कधी काही दिवसांनी मरतं. ‘सुखरूप सोडून दिले’ या बातमीचा पुढचा भाग सहसा छापला जात नाही. गवतात एकटं, गप्प बसलेलं पाडस मात्र उचलूच नये. त्याला तसं लपवून आई चरायला गेलेली असते आणि ती परत येते.

माणसांशी असलेल्या नात्यातले आणखी दोन शब्द. एक ‘फासकी’. गडग्याच्या (दगडी बांधाच्या) किंवा वईच्या (कुंपणाच्या) फटीत, जनावराच्या येण्याजाण्याच्या वाटेवर लावलेला तारेचा फास. लिंग स्त्री, अनेकवचन फासक्या, क्रियापद ‘लावणं’. ‘फास’ आणि ‘फासकी’ यांत घोळ करू नये: फास कशाचाही असतो, फासकी जनावरासाठीच. लावतात रानडुकरासाठी, कारण भात-नाचणीची नासाडी तेच करतं. पण तार जनावर पाहून आवळत नाही. भेकर सापडतं, बिबट्याही सापडतो. भेकर शेताचं तुलनेने कमी नुकसान करतं. कोवळा पाला आणि खाली पडलेली फळं हे त्याचं मुख्य खाणं. उलट आवळ्यासारखी फळं गिळून ते रवंथ करताना कठीण आठळी दुसरीकडे टाकतं, म्हणजे एका अर्थी पेरणीच करतं.

दुसरा शब्द ‘सांबरशिंग’. घरच्या उगाळायच्या औषधांत ते असायचं, सुजेवर लेप लावायला. ‘झडलेलं सापडलं, मारून आणलं नाही’ हे समर्थन कायद्यात चालत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्यप्राण्याचा अवयव सरकारी मालमत्ता ठरतो आणि हाती आल्यावर ४८ तासांत कळवावं लागतं. वर आलेली सगळी हरणं या कायद्याच्या संरक्षणात आहेत. पिसोरी आणि चौसिंगा तर पहिल्या अनुसूचीत.

राहिली लेखनातली रूपं. ‘हरीण’चं सामान्यरूप ‘हरणा-’ होतं, म्हणून हरणाचं, हरणांना; ‘हरीणाचं’ हे सरळ चूक. ‘सांबर’चं सांबराचं, तर इडलीबरोबरच्या ‘सांबार’चं सांबाराचं. ‘ब’चा काना सोडू नये, नाहीतर हॉटेलच्या पाटीवर भलतंच शिजतं. पिसोरी स्त्रीलिंगी: ती पिसोरी, पिसोरीचं, अनेक पिसोऱ्या. आणि तुमच्या बातमीचा मथळा, गळ्याखाली पांढरे पट्टे दिसत असतील तर, ‘विहिरीजवळ पिसोरी आढळली’ असा हवा होता.