गाडी ऑइल खाते, पण जॉब कार्ड कोरेच

वाचकांचे प्रश्न : मोटारसायकल

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी घेतलेली माझी एक सिलिंडरची मोटारसायकल आजवर ४,८०० किलोमीटर चालली आहे. पहिली सर्व्हिस १,००० किलोमीटरला झाली आणि तेव्हा ऑइल बदलले. पुढे २,१०० किलोमीटरला सहज डिपस्टिक काढून पाहिली, तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली गेलेले होते. गाडीखाली डाग नाही, इंजिनावर ओल नाही. सर्व्हिस सेंटरने ‘नवी गाडी आहे, रनिंग-इन होऊ द्या’ असे सांगून दोन वेळा ऑइल भरून दिले. जॉब कार्ड (तक्रारीची व कामाची नोंद असलेला कागद) एकदाही केले नाही. गेल्या खेपेस मी स्वतः मोजून ऑइल टाकले, तेव्हा ९०० किलोमीटरमध्ये ३५० मिलिलिटर कमी झाल्याचे आढळले. इंजिनात एकूण १.२ लिटर ऑइल बसते. ओळखीचे एक मेकॅनिक इंजिन खोलून पाहायला तयार आहेत. हा उत्पादनातला दोष समजावा का? आणि मी नवी गाडीच मागावी का?

उत्तर : सर्वांत आधी त्या मेकॅनिकना नम्रपणे नकार कळवावा. त्यांच्या कौशल्याबद्दल शंका नाही. परंतु वॉरंटीतले इंजिन बाहेर एकदा खोलले गेले की आत जे काही सापडेल ते कारखान्यातून तसेच आले होते की खोलताना झाले, हे नंतर कोणालाच सिद्ध करता येत नाही, आणि ही संदिग्धता नेहमी तुमच्याच विरोधात जाते. इंजिन खोलायचे असेल तर ते कंपनीच्या माणसांनी, जॉब कार्डावर नोंद करून आणि शक्यतो तुमच्या समोर खोलावे.

आता तुमच्या आकड्याकडे पाहू. ९०० किलोमीटरला ३५० मिलिलिटर म्हणजे हजार किलोमीटरला साधारण ३९० मिलिलिटर, अर्थात एकूण ऑइलच्या जवळपास एक तृतीयांश. एवढ्या लहान इंजिनासाठी हे प्रमाण मोठे आहे. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी घासून बसेपर्यंत थोडे ऑइल जळते, हे खरे. मात्र हे बसणे मुख्यतः सुरुवातीच्या काही शे किलोमीटरमध्येच उरकते आणि ऑइलचा खप त्यानंतर उतरणीला लागायला हवा. ४,८०० किलोमीटरनंतरही खप उतरत नसेल, तर रनिंग-इनचे कारण पुढे करण्यात फारसा अर्थ उरत नाही.

तरीही ‘दोष आहे’ हे म्हणण्यापूर्वी तुमचे मोजमाप निर्विवाद करून घ्या, कारण कच्चा दुवा तिथेच आहे. डिपस्टिकची गोष्ट दिसते तितकी सोपी नसते. गाडी साइड स्टँडवर कललेली असेल तर वाचन चुकते. इंजिन बंद केल्या क्षणी पाहिले तर बरेचसे ऑइल अजून हेडमध्ये आणि क्लचच्या बाजूला असते. शिवाय काही इंजिनांत डिपस्टिकचे आटे पूर्ण फिरवून वाचायचे असते, तर काहींत ती नुसती टेकवून. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत यांपैकी जे सांगितले असेल तेच करावे आणि दर वेळी जागा, गाडीची स्थिती व थांबण्याची वेळ एकच ठेवावी. ऑइल टाकताना मापाच्या भांड्यापेक्षा वजनकाटा बरा. ऑइल टाकण्याआधी आणि टाकल्यानंतर डबा काट्यावर ठेवला की फरक ग्रॅममध्ये मिळतो. इंजिन ऑइल पाण्यापेक्षा हलके असल्याने ३५० मिलिलिटर ऑइलचे वजन साधारण ३०० ग्रॅम भरते. नोंदीत तारीख, ओडोमीटरचा आकडा, ऑइलची ग्रेड आणि वजन एवढे चारच रकाने असू द्यात, आणि प्रत्येक वेळी ओडोमीटरचा व डिपस्टिकचा फोटो काढून ठेवा.

इथे एक चकवा आहे आणि तो अनेकांना माहीत नसतो. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवली की इंजिन पुरते तापत नाही आणि थोडे पेट्रोल व पाण्याचा अंश ऑइलमध्ये उतरत राहतो. त्यामुळे ऑइल जळत असूनही डिपस्टिकवरची पातळी फारशी खाली येत नाही. मग एखाद्या दिवशी लांबचा प्रवास घडतो, हा मिसळलेला भाग उडून जातो आणि ऑइल एकदम नाहीसे झाल्यासारखे वाटते. म्हणून चाचणीच्या काळात काही लांब फेऱ्या जरूर कराव्यात, आणि पातळी नेहमी अशा फेरीनंतरच पाहावी.

दुसरी शक्यता अगदी साधी आहे. सर्व्हिस सेंटरने ऑइल भरताना वरच्या खुणेपेक्षा जास्त भरले असेल, तर जादा ऑइल ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ-हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात जाते. त्या डब्याच्या तळाशी पाणी-ऑइल काढण्याची छोटी नळी असते. तिच्यात ऑइल साचलेले आढळले तर आधी भरण्याची चूक सुधारून मगच पुढचे मोजमाप करावे.

धुराकडेही लक्ष असू द्या, कारण धूर केव्हा येतो यावरून बराच उलगडा होतो. थंड इंजिन सुरू करताना दिसणारा आणि लगेच विरणारा पांढरा धूर ही बहुधा नुसती वाफ असते. त्याची काळजी करू नये. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच निळसर धुराचा झोत आला, किंवा उतारावर थ्रॉटल सोडून पुन्हा पिळला की मागे निळसर लोट दिसला, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर किंवा गाइडवर जातो. चढावर, इंजिनावर भार असताना धूर येत असेल, तर रिंगा किंवा सिलिंडर संशयित ठरतात. ज्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा भाग) असतो त्यांत धूर डोळ्यांना दिसेलच असे नाही. तेव्हा स्पार्क प्लग काढून पाहावा. कोरडी, बोटाला भुकटी लागणारी काजळी ही पेट्रोलचे प्रमाण जास्त असल्याची खूण आहे, तर ओलसर, तेलकट काळा थर ही ऑइल जळत असल्याची.

सर्व्हिस सेंटरकडे मागायची चाचणी एकच नाही. सामान्यतः ते कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून ‘ठीक आहे’ म्हणतात. पण एक सिलिंडरच्या अनेक इंजिनांत सुरू करणे सोपे जावे म्हणून कॅमशाफ्टवर डीकॉम्प्रेसर (सुरू करताना हा दाब थोडा कमी करणारी यंत्रणा) बसवलेला असतो, आणि त्यामुळे तो आकडा फसवा निघू शकतो. याऐवजी लीकडाउन चाचणी मागावी. तिच्यात पिस्टन सर्वांत वरच्या स्थितीत आणून, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद असताना प्लगच्या भोकातून दाबाची हवा आत सोडतात आणि किती टक्के हवा निसटते ते मोजतात. हवेचा फुसफुसणारा आवाज ऑइल भरण्याच्या तोंडाशी आला तर ती रिंगांवाटे खाली जात आहे. सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नाही. इनटेकच्या बाजूने आला तर तिकडचा. मी ही चाचणी ज्या ज्या वेळी पाहिली, त्या त्या वेळी फोरमनचा ‘सगळ्याच गाड्यांना असे होते’ हा सूर त्या फुसफुसण्यासरशी बदलला. (सगळ्याच गाड्यांना खरोखर असे होत असेल, तर कंपनीकडे त्याचा खुलासा तयार असायला हवा, तोही लेखी मागावा.) मात्र एक ध्यानात ठेवा : ऑइल खरवडणारी सर्वांत खालची रिंग किंवा व्हॉल्व्हचे सील सदोष असतील, तर लीकडाउनचा आकडा चांगला येऊनही गाडी ऑइल खात राहते. म्हणूनच या चाचणीला ऑइल खपाच्या मोजणीची जोड लागते, आणि ती मोजणी दोन्ही पक्षांच्या साक्षीने व्हावी. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरायचे, भरण्याच्या झाकणावर आणि ड्रेन बोल्टवर रंगाची खूण करायची, ठरलेले अंतर चालवून गाडी परत आणायची आणि किती ऑइल लागले ते जॉब कार्डावर लिहायचे.

जॉब कार्डाचा उल्लेख मुद्दाम पुन्हा करतो. तुमच्या पत्रातला मला सर्वांत जास्त खटकलेला भाग ऑइलचा नाही, तर दोन भेटींची कुठेच नोंद नाही हा आहे. वॉरंटीच्या भाषेत जी तक्रार कागदावर नाही, ती झालेलीच नसते. यापुढे ऑइल नुसते ‘टॉप-अप’ करून घेऊ नका. कार्डावर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या : ‘अमुक किलोमीटर ते अमुक किलोमीटर, इतके ग्रॅम ऑइल कमी, बाहेर गळती नाही.’ ‘ऑइल चेक करणे’ असे मोघम शब्द कोणी लिहिले तर सही करण्यापूर्वी ते बदलून घ्या. आधीच्या दोन भेटींबद्दल तारखांसह एक ई-मेल आजच पाठवा, आणि त्यात एक नेमका प्रश्न विचारा : या इंजिनासाठी हजार किलोमीटरला किती ऑइलचा खप कंपनी सामान्य मानते? आकडा आला तर तुलना करता येते. आला नाही, तर ते मौनही पुढे उपयोगी पडते. याखेरीज सर्व्हिस वेळेवर केल्याच्या पावत्या आणि ठरलेल्याच ग्रेडचे ऑइल वापरल्याचे पुरावे जपून ठेवा, कारण क्लेम नाकारताना पहिले बोट तिकडेच दाखवले जाते.

राहता राहिला मागणीचा प्रश्न. वॉरंटी हे सहसा सदोष भाग दुरुस्त करण्याचे किंवा बदलून देण्याचे वचन असते, गाडी बदलून देण्याचे नव्हे. त्यामुळे पहिल्याच पत्रात नवी गाडी मागितली तर समोरच्याला नकार देणे सोपे जाते आणि मूळ तक्रार बाजूला पडते. आधी निदान आणि दुरुस्ती मागा. पण दुरुस्ती अर्धवट होऊ देऊ नका. रिंग उलटी बसवली गेली असेल (रिंगेवर वरची बाजू दाखवणारी खूण असते, आणि ती खाली गेली की रिंग ऑइल खरवडण्याऐवजी वर चढवू लागते), तर सिलिंडरची भिंत पाहून नव्या रिंगांवर कदाचित भागेल. भिंतीवर उभे ओरखडे असतील किंवा होनिंगच्या (कारखान्यात भिंतीवर मुद्दाम घासून काढलेल्या) तिरक्या जाळीदार रेषा पुसून ती आरशासारखी गुळगुळीत झाली असेल, तर नुसत्या नव्या रिंगा तिथे बसणार नाहीत. ब्लॉक आणि पिस्टन दोन्ही बदलावे लागतील. जळलेल्या ऑइलमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सरही खराब होतात, तेव्हा त्यांची तपासणी झाल्याची नोंद कार्डावर हवी. दुरुस्तीनंतरही खप तोच राहिला तर इंजिन किंवा गाडी बदलून मागण्याला भक्कम आधार मिळतो, आणि ग्राहक आयोगापुढे जाण्याची वेळ आलीच तर हाच कागदांचा गठ्ठा तुमच्या बाजूने बोलेल.

दरम्यान ऑइल खालच्या खुणेखाली जाऊ देऊ नका. कमी ऑइलवर इंजिन जॅम झाले, तर कंपनी तेवढेच कारण पुढे करील.

प्रश्न : सात महिन्यांची गाडी अर्धा-पाऊण तास चालवल्यावर झटके देते, कधी बंदच पडते, दहा मिनिटे थांबले की पुन्हा सुरळीत. सर्व्हिस सेंटरला नेली की काहीच होत नाही आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मिळतो.

उत्तर : गाडी तिथे पोहोचून रांगेत उभी राहीपर्यंत थंड होते, म्हणून दोष सापडत नाही. तापल्यावर बिघडणे आणि निवल्यावर सुधारणे हे इग्निशन कॉइलचे किंवा एखाद्या सेन्सरचे नेहमीचे लक्षण आहे. कॉइलमधल्या तारेचे आवरण कच्चे असेल तर ते उष्णतेने साथ सोडते. अर्थात पेट्रोल पंप आणि टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र याही जागा तपासल्या पाहिजेत. गाडी बंद पडल्यावर लगेच झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी तत्काळ सुरू झाली, तर छिद्र बुजले आहे असे समजावे.

फोरमनला मागे बसवून किंवा गाडी त्यांच्या हाती देऊन तासभराची फेरी करण्याचा आग्रह धरा. गाडीत नोंदले गेलेले फॉल्ट कोड वाचून त्यांची प्रत मिळेपर्यंत ते पुसू देऊ नका आणि बॅटरीही काढू देऊ नका. झटके सुरू होताच रस्त्याच्या कडेला सुरक्षित थांबा आणि मीटरवरील दिवे व ओडोमीटर दिसेल असे चित्रण करा.

तुमच्या गाडीच्या चासी क्रमांकावर रिकॉल निघाला आहे का, तेही कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा. उत्पादनातला दोष पुष्कळदा ठरावीक काळात आलेल्या सुट्या भागांपुरता असतो. मे २०२१ मध्ये रॉयल एन्फील्डने इग्निशन कॉइलच्या दोषामुळे २,३६,९६६ मोटारसायकली तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. त्या डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात तयार झालेल्या होत्या, आणि त्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी गाड्यांचाच भाग बदलावा लागेल असा कंपनीचा अंदाज होता. म्हणजे त्याच मॉडेलची शेजाऱ्याची गाडी उत्तम चालते, यावरून तुमच्या गाडीबद्दल काहीच ठरत नाही.

प्रश्न : तीन महिन्यांतच पुढच्या एका शॉकअपमधून ऑइल पाझरू लागले. हा उत्पादनातला दोष की माझ्या वापराचा?

उत्तर : दोन्ही असू शकते. रबरी धूळकव्हर वर सरकवून सीलच्या ओठाशी वाळूचा कण अडकला आहे का ते पाहण्यास सांगा. तसे असेल तर सील साफ करून भागते. मग नळीच्या चकचकीत भागावरून नख हलकेच वरून खाली फिरवा. नख अडकेल असा खवला किंवा क्रोमचा फोड लागला, आणि तिथे दगडाच्या माराची खूण नसेल, तर नुसते सील बदलून ते पुन्हा फाटेल. नळी बदलून मागा. पाझरलेले ऑइल ब्रेकच्या डिस्कवर किंवा पॅडवर उतरत असेल, तर ते दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवू नका. सर्व्हिस सेंटरला ती उचलून न्यायला सांगा.