मालमत्तेपुढे ‘काही नाही’ लिहू नका

प्रश्न : ताई, आमचं लग्न २०११ साली डिचोलीला नोंदवलं आणि मग म्हार्दोळला देवळात अक्षता पडल्या. नऊ वर्षांची मुलगी आहे. आता दोघांनाही वेगळं व्हायचंय, भांडण कसलंच नाही. वकील कशाला, आपणच कागद भरू, असं ह्यांचं म्हणणं. त्यांच्या मुंबईच्या मित्रानं एक तयार अर्ज पाठवलाय, वर ‘हिंदू विवाह कायदा, कलम १३-ब’ असं आहे. फ्लॅट ह्यांच्या एकट्याच्या नावावर, म्हणून मालमत्तेपुढे ‘काही नाही’ लिही म्हणतात. भरून देऊ का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : नका देऊ. मित्राचा हेतू चांगला असेल, पण त्याचा अर्ज मुंबईला चालायचा. हिंदू विवाह कायदा गोव्याला लागू केलेला नाही. आपल्याकडे नवराबायकोची मालमत्ता १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे, आणि घटस्फोट ३ नोव्हेंबर १९१० च्या पोर्तुगीज हुकुमाप्रमाणे. पोर्तुगीज १९६१ साली गेले, त्यांचे कायदे संसदेनं १९६२ मध्ये चालू ठेवले. तुमची नोंद डिचोलीची, तेव्हा तुम्हाला हेच लागू.

वकिलाशिवाय जाता येतं का? येतं. आपलं म्हणणं आपण मांडायला कोर्टात कुणाला मज्जाव नाही. तीस वर्षं मी अर्ज घ्यायच्या खिडकीमागं बसले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत दाखले, अशी किती जोडपी आली असतील. त्यांचं घोडं कायद्यापाशी क्वचित अडायचं. अडायचं ते नावापाशी.

कसं ते सांगते. माहेरचं नाव एक, लग्नात तांदळात लिहिलेलं दुसरं. विवाहाच्या नोंदीत माहेरचं, आधारवर सासरचं. त्यात आपली आडनावं! शेट कुठं ‘एक्स’नं सुरू होतो, कुठं ‘एस’नं. प्रभूचा पोरोब झालेला असतो. एका बाईंच्या तीन कागदांवर तीन वेगळ्याच बायका होत्या. बिचारीला चार हेलपाटे पडले आणि दर वेळी रिक्षानं, पावसातून. तुम्ही अर्जाच्या मथळ्यात विवाहाच्या नोंदीतलं नाव अक्षर न् अक्षर तसंच घाला, पुढे ‘ऊर्फ’ लिहून दुसरं, आणि दोन्ही नावं माझीच असं प्रतिज्ञापत्र जोडा. त्यावर सही घरी करून नेऊ नका, ती नोटरीच्या समोर करायची असते. अर्ज इंग्रजीत टाइप केलेला, परिच्छेदांना आकडे घातलेला आणि दोघांच्या सहीचा हवा.

अटी सोप्या आहेत : लग्नाला दोन वर्षं होऊन गेलेली, आणि दोघांचंही वय पंचवीस पूर्ण. तुमचं दोन्ही बसतं, असं धरते. सोबत विवाहाचा दाखला, दोघांचे जन्मदाखले, लग्नाआधी मालमत्तेचा करार केला असेल तर तो, मुलीबद्दलचा करार आणि मालमत्तेची संपूर्ण यादी.

आता त्या यादीकडे येऊ, कारण तुमच्या पत्रातलं तेच वाक्य मी दोनदा वाचलं. लग्नाआधी तुम्ही वेगळा करार केला नसेल, तर गोव्यात नवराबायकोची सगळी मिळकत सामाईक. फ्लॅट कुणाच्या नावावर, हप्ते कुणाच्या पगारातून गेले, याला महत्त्व नाही. त्यात अर्धा वाटा तुमचा आहे. वारशानं आलेलंसुद्धा यात येतं, म्हणजे सासऱ्यांच्या पश्चात ह्यांच्याकडे आलेली बागायत असेल तर तीही. जमिनीसाठी एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीची नक्कल, काढा. फ्लॅट, त्यावरचं कर्ज, ठेवी, स्कूटर, दागिने, सगळं लिहा. तुमच्या नावावरचंही लिहा हो, लपवायचं नाही ते दोघांनीही.

यादीत लिहिलं म्हणजे मागितलं, असं होत नाही. तुम्हाला फ्लॅट नको असेल तर खुशाल सोडा, पण आहे म्हणून लिहा आणि मग सोडा. ‘काही नाही’ हे तुम्ही शपथेवर खोटं सांगणार. आणि यात ह्यांचाही फायदा नाही, हे त्यांना शांतपणे सांगा. वाटणी झाली नाही तर घटस्फोटानंतरही फ्लॅटमध्ये तुमचा वाटा राहतोच. उद्या विकायला काढला, की गिऱ्हाइकाचा वकील तुमची सही मागायला तुमच्या दारात. मग इन्व्हेंटरीचा, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याचा, दावा, २०१२ च्या गोवा वारसा कायद्याखाली. आज एका कागदात उरकेल ते तेव्हा वर्षानुवर्षं चालेल.

म्हणून बाकीचं तुम्ही दोघं भरा, पण यादी आणि वाटणीचं पान एका वकिलाला दाखवाच. तुमच्या वकिलाला, ह्यांच्या ओळखीच्या नव्हे. पैशांची अडचण असेल तर १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. १५१०० वर फोन करा.

मुलीच्या करारात ‘दोघं मिळून ठरवू’ असं लिहू नका. राहणार कुणाकडे, शाळेची फी कोण भरणार, मे महिन्याची सुट्टी कुठं. आणि चवथ! मूळ घरात गणपती असतो, दोन्हीकडे मुलगी हवी असते. पहिले दोन दिवस इथं, पुढचे तिथं, असं स्पष्ट लिहा. हसू नका, फी ठरलेली असताना चवथीच्या वादावरून पुन्हा कोर्टात आलेली माणसं मी पाहिलीत.

पुढे न्यायाधीश दोघांना समोर बोलावून समेट होतो का ते बघतात. नाहीच झाला तर घटस्फोट आधी तात्पुरता मिळतो. तो एक वर्षानंतर पुन्हा कोर्टापुढे जाऊन कायम करून घ्यायचा. पुष्कळ जण पहिला हुकूम घेऊन जातात ते उगवतच नाहीत आणि सुटलो असं समजतात. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

कायमचा हुकूम हाती आला की त्याच्या तीन-चार सहीशिक्क्याच्या नकला एकदमच मागा. एक घेऊन डिचोलीच्या त्याच नोंदणी कचेरीत जा आणि लग्नाच्या नोंदीच्या समासात घटस्फोटाची नोंद करून घ्या.