रोज दीडशे चिठ्ठ्या आणि फार्मासिस्ट मी एकटीच. हे सुरक्षित आहे का?

तुम्ही लिहिलंय की दिवसभर दुकानात फार्मासिस्ट म्हणून तुम्ही एकट्याच असता, दीडशेच्या आसपास चिठ्ठ्या येतात, मालक म्हणतात "मदतीला मुलगा दिलाय की", आणि तरी रात्री अंथरुणावर पडल्यावर "त्या पाकिटात मी नेमकं काय घातलं?" हा विचार पाठ सोडत नाही. तुमची भीती रास्त आहे. बावीस वर्षं या कामात आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. संधिवाताच्या एका आजींची चिठ्ठी होती. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, फॉलिक अ‍ॅसिड बाकीचे दिवस. दोन्ही गोळ्या लहान, दोन्ही पिवळ्या. मी खांद्यात फोन धरून एका डॉक्टरांशी भलत्याच पेशंटच्या डोसबद्दल बोलत होतो आणि हाताने लेबलं चिकटवत होतो. लेबलांची अदलाबदल झाली. तपासलं नाही असंही नाही. चिठ्ठीवर दोन औषधं, समोर दोन पाकिटं, दोन लेबलं; जुळतंय म्हणून पुढे सरकवलं. जे मी नुकतंच केलं होतं, तेच मला बरोबर दिसत होतं.

संध्याकाळच्या पाळीची फार्मासिस्ट त्या दिवशी वीस मिनिटं लवकर आली होती. पाकीट देताना तिने ते उघडलं, गोळ्या आजींसमोर ठेवल्या आणि विचारलं, "आठवड्याची गोळी कोणत्या वारी घेता?" आजी म्हणाल्या, "रविवारी. पण यावर तर रोज लिहिलंय." मेथोट्रेक्सेट रोज पोटात गेलं की तोंड सोलवटतं, अस्थिमज्जेचं काम मंदावतं, रक्तपेशी घसरतात, माणूस दगावतोसुद्धा. "आठवड्यातून एकदाच घेता ना?" असं विचारलं असतं, तर आजी "हो" म्हणून निघून गेल्या असत्या.

म्हणून तुमच्या प्रश्नातला आकडा मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवेन. आधी हे बघा: औषध काढणारे हात आणि ते तपासणारे डोळे दिवसभर एकाच माणसाचे आहेत का? आणि त्या माणसाला काम मध्येच थांबवायची मुभा आहे का? पहिल्याचं उत्तर "हो" आणि दुसऱ्याचं "नाही" असेल, तर पन्नास चिठ्ठ्याही धोक्याच्या.

आता आकड्यांचं. जपानमध्ये नियमानुसार दिवसाला सरासरी ४० चिठ्ठ्यांमागे एक फार्मासिस्ट लागतो; डोळे, दात आणि कान-नाक-घशाच्या चिठ्ठ्या त्यात दोन तृतीयांश धरतात. ऑस्ट्रेलियाच्या फार्मसी बोर्डाच्या २०१५ च्या सूचनांत, काम दिवसाला १५० ते २०० चिठ्ठ्यांवर गेलं की प्रशिक्षित मदतनीस किंवा इंटर्न घेण्याचा विचार करा, असं म्हटलं होतं. दोन आकड्यांत एवढं अंतर आहे, कारण नुसती चिठ्ठी मोजून काम कळत नाही. एका चिठ्ठीत खोकल्याचं एकच औषध असतं, दुसरीत रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसकट अकरा. शिवाय फोन, लसी, उधारीची नोंद, मुदत संपलेल्या मालाची परतफेड हे कोणी मोजतच नाही. मालकांशी बोलाल तेव्हा चिठ्ठ्या नव्हे, त्यांवरची एकूण औषधं किती ते सांगा, आणि तेही तासागणिक सांगा. दिवसाची सरासरी ठीक दिसते. चुका संध्याकाळच्या गर्दीच्या दोन तासांत होतात.

मदतनीस मुलाबद्दल. तो हवाच, पण फार्मासिस्टच्या जागी नाही. माल लावणं, बिल, मुदत बघणं, स्ट्रिप काढून ट्रेमध्ये ठेवणं त्याच्याकडे द्या. डोस बरोबर आहे का, दोन औषधं एकमेकांच्या वाटेत येतात का, पहिल्यांदाच सुरू झालेलं औषध कसं घ्यायचं, हे तुमच्याकडेच राहू द्या. त्याला एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी शिकवा: शंका आली की तुम्हाला अडवायचं, गर्दी कितीही असो. फिट्सचं कार्बामाझेपिन आणि थायरॉइडचं कार्बिमाझोल यांत गल्लत करणारा मुलगा मला चालतो, विचारायला घाबरणारा चालत नाही.

देखरेख म्हणजे भिंतीवर लावलेलं प्रमाणपत्र नव्हे. ब्रिटनमध्ये २००९ पासून प्रत्येक फार्मसीत त्या वेळचा जबाबदार फार्मासिस्ट कोण, हे नावानिशी लावावं लागतं आणि तो केव्हा हजर होता याची नोंद ठेवावी लागते. कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये फार्मासिस्टला मदतीविना एकटं काम करायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा केला आणि २०२१ मध्ये साखळी दुकानांतल्या कामाच्या कोट्यावरही, म्हणजे अमुक वेळात अमुक काम झालंच पाहिजे या सक्तीवर. म्हणजे ही तक्रार तुमच्या एकटीची नाही.

दुसरा फार्मासिस्ट मिळेपर्यंत एक करा. औषध काढून झालं की ते बाजूला ठेवा, दुसरं छोटं काम करा, मग परत येऊन मूळ चिठ्ठीशी ताडून बघा. लेबलशी नाही, कारण चूक लेबल करतानाच झालेली असू शकते. जेवायला बसाल तेव्हा चिठ्ठ्यांची खिडकी बंद ठेवा. लोक वीस मिनिटं थांबतात. कारण सांगितलं तर कुरकुर न करता थांबतात.

आणि एक वही घाला. थोडक्यात टळलेली प्रत्येक चूक तीत लिहा: वेळ, औषध, त्या क्षणी दुकानात किती माणसं होती, तुम्ही आणखी काय करत होतात. कोणाची चूक हे लिहू नका, नाहीतर तो मुलगा लपवायला लागेल. दोन आठवड्यांनी ती मालकांपुढे ठेवा आणि गर्दीच्या त्या दोन तासांपुरता दुसरा फार्मासिस्ट लेखी मागा. पूर्ण दिवसाचा मागितलात तर साफ नकार येण्याची शक्यता जास्त. दोन तासांचा बहुतेक मिळतो. मला तसाच मिळाला होता.

नोकरी सोडू का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. वही बघूनही मालक "जमवून घ्या" म्हणाले, तर सोडा. पाकिटावर सही तुमची असते.