कोल्हापूरच्या पेठेतलं जुनं मातीचं घर न पाडता जागा वाढवता येईल का? घर अरुंद आणि लांब, मधे अंधारं माजघर, वर माळा.

येईल, आणि आधी माळा बघा. आपल्याकडे त्यावर पिंपं, मोडके पाळणे नि लग्नातली भांडी पडून असतात. आढ्याखाली मधे सात-साडेसात फूट उंची मिळत असेल तर तिथं मुलांची खोली सहज होते. मात्र फरशी-सिमेंट चढवू नका, वजन पेलणार नाही. फळ्या किंवा प्लायच बऱ्या. त्याआधी प्रत्येक तुळईचं भिंतीत गेलेलं टोक स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघा. भुसभुशीत लागलं तर वाळवी किंवा ओल आहे, आधी तेवढं बदला.

दोन फुटी भिंत काढून नऊ इंची बांधली की सव्वा फूट मिळतो, असं गवंडी सांगतील. हिशेब खरा, पण ज्या भिंतीवर तुळया टेकल्यात तिला स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. सामाईक भिंत असेल तर शेजाऱ्यांशीही बोला, नाहीतर भांडण ठरलेलं! त्याच भिंतींतले कोनाडे मात्र फळ्या टाकून कपाटासारखे वापरा.

माजघरात उजेडासाठी छपरात चार-दोन काचेची कौलं बसवा, खर्च किरकोळ. गिलावा चुन्याचा करा, सिमेंटनं मातीत ओल कोंडते. आणि घर पंचगंगेकडच्या सखल भागात असेल तर २०१९ चं पाणी कुठवर आलं होतं ते आठवून मीटर, बोर्ड, फ्रीज त्याच्या वर घ्या.