हुरड्याला आलेल्या पाहुण्यांचं पोरगं ट्रॉलीतून पडलं, चार लाखाची नोटीस आलीय

प्रश्न : मंगळवेढा तालुक्यात आमची शेती आहे, तीन वर्षं झाली हुरड्याच्या सीझनला फॅमिली मुक्कामाला घेतो. जानेवारीत पुण्याचे लोक दोन दिवस होते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून शिवार फिरवताना त्यांचा ९ वर्षांचा मुलगा पडला, कोपर मोडलं, ऑपरेशन झालं. फोटो चांगले यावेत म्हणून मागचा फाळका उघडा ठेवला होता. गेटवर 'स्वतःच्या जबाबदारीवर' बोर्ड आहे, रजिस्टरवर वडिलांची सहीपण आहे. आता वकिलाची नोटीस आलीय, १५ दिवसांत ४ लाख द्या म्हणून. भाऊ म्हणतो माझा काय संबंध, ट्रॅक्टर तेवढा त्याच्या नावावर आहे. शेत जप्त होईल का?

दादा, आधी झोप घ्या, नोटिशीने शेत जप्त होत नसतं. ते समोरच्या वकिलाचं पत्र आहे. केस होणार, दोन्ही बाजू ऐकल्या जाणार, आदेश होणार, तो तुम्ही पाळला नाही तर पुढची वसुली, एवढं सगळं मध्ये आहे. पण म्हणून ते पत्र कपाटात टाकून गप्प बसू नका, आपल्याकडे खूप जण तेच करतात आणि तिथेच नुकसान होतं.

आता जे सांगतो ते कडू लागेल. तो बोर्ड आणि ती सही तुम्हाला फारसं वाचवणार नाही. त्या लोकांनी मुक्कामाचे, जेवणाचे, शिवारफेरीचे पैसे भरले, म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ते ग्राहक झाले आणि तुम्ही सेवा देणारे. बोर्डाचा अर्थ फार तर एवढा की शेतात काटा मोडू शकतो, बांधावर पाय घसरू शकतो हे तुम्ही आधी सांगितलं होतं. फाळका उघडा ठेवून चालत्या ट्रॉलीत पोरं उभी करणं हा निष्काळजीपणा आहे आणि तो बोर्डाने झाकला जात नाही. शिवाय इजा मुलाला झालीय, त्याचा भरपाईचा हक्क बापाने रजिस्टरवर सही केली म्हणून संपत नाही. बाप तिथेच व्हिडिओ काढत होता वगैरे असेल तर ते उत्तरात मांडता येईल, रक्कम थोडी कमी व्हायला उपयोग होईलही, पण सगळा भार त्यावर टाकू नका.

ते लोक दोन ठिकाणी जाऊ शकतात. एक ग्राहक आयोग, आणि इथे लक्ष द्या, तक्रारदार राहतो तिथे म्हणजे पुण्यातसुद्धा तक्रार करता येते, वकील लागतोच असं नाही, आणि भरलेले पैसे ५ लाखाच्या आत असतील तर फीसुद्धा नाही, त्यामुळे 'एवढ्यासाठी कोण केस करतंय' हा विचार डोक्यातून काढा. मुदत दोन वर्षांची आहे. आयोगाची नोटीस आली तर लेखी उत्तराला ३० दिवस, आयोगाने वाढवून दिले तर आणखी १५. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट सांगितलंय की ४५ दिवसांपुढे एक दिवसही नाही.

दुसरं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, कारण ट्रॅक्टर मोटार वाहन आहे. इथे तुमच्या भावाचा संबंध येतो. नुसतं ७/१२ वर नाव असतं तर मी म्हटलं असतं त्यांना ह्यात ओढायचं कारण नाही, पण आरसीवर नाव त्यांचं आहे, वाहनमालक म्हणून ते पार्टी होणारच. दोघं भाऊ एकत्र बसा, दोघांचं उत्तर एकमेकांच्या विरोधात गेलं तर फायदा फक्त समोरच्याचा. ट्रॅक्टरची पॉलिसी बहुतेक शेतीकामासाठीची असेल, ट्रॉलीत बसवलेल्या पर्यटकांची रिस्क त्यात साधारणपणे नसते, कंपनी हात वर करेल, तरीपण अपघात लेखी कळवून पोच घ्याच, नाहीतर 'आम्हाला कळवलंच नाही' हे आणखी एक कारण त्यांना मिळेल.

पोराची चौकशी केलीत का? तुमच्या प्रश्नात तसं कुठे दिसलं नाही. फोन करा, बोटं नीट हलतात का, ऑपरेशनमध्ये हाडात तार घातली असेल तर ती कधी काढणार, विचारा. चौकशी केली म्हणून गुन्हा कबूल केला असं कुठलंही कोर्ट धरत नाही. फक्त पैशाचं बोलणं फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर करू नका. आणि त्या दिवसाचे फोटो, मेसेज, रजिस्टरचं पान ह्यातलं काहीही डिलीट करायचं नाही, फाडायचं नाही, त्यांच्या मोबाईलमध्ये व्हिडिओ असणारच.

माझं मत विचाराल तर लढण्यापेक्षा तडजोड करा. ४ लाख मागितले म्हणजे ४ लाख द्यायचे असं नाही. उत्तरात हॉस्पिटलची बिलं, डिस्चार्ज कार्ड आणि पुढच्या उपचाराचा अंदाज मागू, त्यावर आकडा बोलू. पण मूल अज्ञान म्हणजे १८ वर्षांखालचं आहे, त्यामुळे घरी बसून शंभरच्या स्टॅम्पवर सह्या घेऊन विषय मिटला असं समजू नका, असला कागद पुढे टिकेलच असं नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून प्रकरण वादपूर्व म्हणजे केस दाखल होण्याआधीच लोकअदालतीत ठेवू, तिथला निवाडा कोर्टाच्या हुकुमासारखाच असतो आणि त्यावर अपील नसतं.

नोंदणीचं तुम्ही काहीच लिहिलं नाही, म्हणजे बहुधा नाहीये. २०२० पासून राज्याचं कृषी पर्यटन धोरण आहे, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. नोंदणी नाही म्हणून अपघाताचा दोष आपोआप तुमच्यावर येत नाही, पण समोरचा वकील ते वापरणार. आता करून घ्या, मागची तारीख मात्र कुठल्याच कागदावर घालू नका. पर्यटकांच्या इजेची जबाबदारी घेणारी पब्लिक लायबिलिटी पॉलिसी वेगळी काढा. आणि मालदांडीचं रान आणि आगटीवरचा गरम हुरडा बघायला लोक येतात ते बैलगाडीनेही खूश होतात, ट्रॉलीतून फिरवणं आजपासून बंद.

पंधरा दिवस नोटीस हातात पडली त्या तारखेपासून मोजा. पाकीट फेकलं नसेल तर ते, ट्रॅक्टरची आरसी आणि पॉलिसी, चालवणाऱ्याचं लायसन्स, रजिस्टर आणि पैसे जमा झाल्याचा मेसेज घेऊन ह्याच आठवड्यात कुठल्याही जाणत्या वकिलाकडे जा, सोलापूरला यायला जमत नसेल तर मंगळवेढ्याच्या कोर्टात. उत्तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.