पेन्शन विकू का, पोराला मशीन घेऊ?

(निवृत्ती आणि पेन्शनविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारे कोल्हापूरच्या कोषागारातून 2012 साली उपलेखापाल म्हणून निवृत्त झाले.)

प्रश्न : मी जलसंपदा विभागात वरिष्ठ लिपिक आहे. शाळेत घालताना मास्तरांनी 1 जून जन्मतारीख लावली, त्यामुळे येत्या 31 मे रोजी निवृत्त होतोय. मूळ वेतन 60,000. ग्रॅच्युइटी, जीपीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि शिल्लक रजेचे मिळून पस्तीसेक लाख येतील असा हिशोब आहे. मुलगा उद्यमनगरात जॉबवर्क करतो, त्याला सीएनसी (संगणकावर चालणारं) मशीन घ्यायचंय. तो म्हणतो, "पप्पा, पेन्शन पण विका, एकदम उभं राहू." मेव्हणे म्हणतात, पतसंस्थेत ठेवा, बँकेपेक्षा दोन टक्के जास्त देतात, चेअरमन आपल्या ओळखीतले आहेत. मिसेस काहीच बोलत नाहीत. काय करावं? – एक वाचक, कागल तालुका

उत्तर : अर्ध्या कोल्हापूर जिल्ह्याचा वाढदिवस 1 जूनला असतो, त्यात तुम्ही एक. माझाही तोच. त्यामुळे मे महिनाअखेर कोषागारात काय गर्दी उडते हे मी खिडकीच्या दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

आधी पेन्शन विक्री, कागदावरचं नाव अंशराशीकरण. तुमची पेन्शन मूळ वेतनाच्या निम्मी, म्हणजे 30,000. त्यातली जास्तीत जास्त 40 टक्के विकता येते, म्हणजे 12,000. सरकारी तक्त्यात अठ्ठावन्नला निवृत्त होणाऱ्याचा गुणांक 8.371. बारा हजार गुणिले बारा महिने गुणिले 8.371, हातात येतात 12,05,424 रुपये. त्यावर प्राप्तिकर नाही. बदल्यात पंधरा वर्षं दरमहा 12,000 कापले जातात, त्यांची बेरीज 21 लाख 60 हजार. त्र्याहत्तराव्या वर्षी पेन्शन पुन्हा पूर्ववत होते.

ऑफिसात कुणी म्हणेल, "महागाई भत्ता तरी पूर्ण पेन्शनवर मिळतो ना!" ते खरं आहे. भत्ता 30,000 वरच मिळतो, 18,000 वर नाही. कुटुंब निवृत्तिवेतनालाही विक्रीची झळ लागत नाही. तुमचं काही बरंवाईट झालं तर कपात तिथंच थांबते, मिसेसना मूळ वेतनाच्या 30 टक्के, म्हणजे 18,000 आणि त्यावर भत्ता, हे ठरलेलं आहे.

मग विकायची की नाही? सरकार तुम्हाला बारा लाख देतंय आणि पंधरा वर्षं हप्ते कापतंय, म्हणजे हे कर्जच झालं. व्याज काढून पाहिलं तर पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास पडतं. आता हेच बारा लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर 8.2 टक्क्यांनी तीन महिन्यांना 24,600 येतात, महिन्याचे 8,200. बारा हजार गेले, आठ हजार दोनशे आले. महिन्याला 3,800 कमी पडले, पण मुद्दल शाबूत राहिली. व्याजावरचा कर सोडला तर हिशोब जवळजवळ बरोबरीत सुटतो. तेच बारा लाख मशीनमध्ये गेले, तर आठ हजार दोनशेही गेले आणि मुद्दल उद्यमनगरातल्या ऑर्डरींच्या भरवशावर. ऑर्डरी कशा येतात-जातात हे तुमच्या मुलाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मी स्वतः 2012 ला पुरती 40 टक्के विकली. कारण काय? सगळेच विकत होते. त्या पैशातून घरावर वरचा मजला चढला, जिथं आता कुणी राहत नाही. 2027 ला माझी कपात थांबेल. आमच्या सौभाग्यवतींनी कॅलेंडरवर खूण करून ठेवलीय.

मुलाचं म्हणाल, तर त्याला सरळ बँकेत पाठवा. मशीनवर कर्ज मिळतं, मशीनच तारण राहतं. मुद्रा योजनेत तारणाशिवाय 10 लाखांपर्यंत मिळतं, आणि ह्या योजनेतलं आधीचं 'तरुण' गटातलं कर्ज नीट फेडलेलं असेल तर 20 लाखांपर्यंत. मशीन किमतीच्या किती टक्के पदरचे घालायचे हे बँक सांगेल, तेवढे तुम्ही द्या आणि देताना "हे उसने" असं म्हणून द्या. बाकीचा हप्ता मशीननं फेडला पाहिजे. ज्या मशीनला बँक कर्ज द्यायला तयार नाही, त्या मशीनला बापानं का द्यावेत? तुम्हाला पोटात दुखेल, पण हा प्रश्न मुलाला जेवताना एकदा विचारा. उत्तर कसं येतं, चिडून की आकडे घेऊन, त्यावर पुढचं ठरवा.

आता मेव्हण्यांची पतसंस्था. इथं मी जरा थांबणार आहे, कारण मी पोळलोय. माझ्या ग्रॅच्युइटीतले तीन लाख मीही एका पतसंस्थेत ठेवले. आमच्याच तालमीतला माणूस संचालक, दिवाळीला मिठाईचा बॉक्स घरपोच. दोन वर्षं व्याज वेळेवर आलं. मग "पुढच्या सोमवारी या" सुरू झालं. ते सोमवार मोजले नाहीत, पण मुद्दल पाच-सहा वर्षांत, दहा-दहा हजारांच्या हप्त्यांनी परत आली. व्याजाचं नावच काढू नका. ट्रेझरीत आयुष्य काढलेल्या माणसाची ही कथा, तेव्हा तुम्ही लाजू नका.

सगळ्याच पतसंस्था तशा नसतात, चांगल्या चालवलेल्याही आहेत. पण पावतीवर "सहकारी" लिहिलेलं पाहून आपण तिला बँक समजतो. बँक, मग ती सहकारी असली तरी, तिथल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो. फेब्रुवारी 2020 पूर्वी तो एकच लाख होता. पतसंस्थेतल्या ठेवीला असा विमा नाही आणि तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेखही नाही. बुडाली की बुडाली. दोन टक्के जास्त मिळतात ते ह्याच जोखमीचे. मेव्हण्यांशी वाकडं घ्यायचं नसेल तर पन्नास हजार ठेवा आणि विषय संपवा.

उरलेल्याचं असं करा. ज्येष्ठ नागरिक योजनेत एकाला 30 लाखांपर्यंत ठेवता येतात. साठ पूर्ण नसली तरी निवृत्तीमुळे पैसे मिळालेत म्हटल्यावर पंचावन्नच्या पुढच्याला चालतं, मात्र पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडायला हवं. हे तीन महिने लोक रंकाळ्यावर फिरण्यात घालवतात आणि मग साठ पूर्ण होईपर्यंत थांबायची पाळी येते. पंचवीस लाख ठेवलेत तर तीन महिन्यांना 51,250 मिळतील. व्याजदर सरकार दर तिमाहीला ठरवतं, पण तुम्ही ठेवलेल्या दिवसाचा दर पाच वर्षं तसाच राहतो. व्याज करपात्र आहे, हे विसरू नका. खात्यावर मिसेसचं नाव घाला. दोन-तीन लाख मात्र साध्या बचत खात्यात मोकळे ठेवा. दवाखाना मुदत बघून येत नाही.

मिसेस काही बोलत नाहीत असं लिहिलंय, म्हणून शेवटी त्यांच्याविषयी. आपल्याकडे लग्नात नाव बदलतात. माहेरची शकुंतला सासरी आली की सुनंदा होते, आधार कार्डावर पुन्हा शकुंतला निघते, आणि सेवापुस्तकातल्या वारसाच्या रकान्यात कुणीतरी घाईत नुसतं "सौ. बाई" लिहिलेलं असतं. नवरा गेल्यावर ह्या तीन नावांची एकच बाई आहे हे सिद्ध करायला त्या बाईला वर्षवर्ष हेलपाटे घालावे लागतात. माझ्या टेबलासमोर अशा कितीतरी जणी रडून गेल्यात. म्हणून आत्ताच सेवापुस्तक काढून बघा. नाव जुळत नसेल तर राजपत्रात बदल करून घ्या आणि संयुक्त फोटो नवा काढा. तुमची कागदपत्रं निवृत्तीच्या सहा महिने आधीच महालेखापाल, मुंबई यांच्याकडे जायला हवीत, म्हणजे ती चुकीच्या नावाने गेलीत का तेही विचारा. पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) आला की चार झेरॉक्स काढा, एक दुसऱ्याच्या घरी ठेवा. 2019 च्या महापुरात आमच्या शाहूपुरीतल्या कपाटात कमरेएवढं पाणी होतं. माझा पीपीओ भिजून लगदा झाला. मेहुणीकडे प्रत होती म्हणून निभावलं.

प्रश्न : आमचे मालक 1996 ते 2024 साखर कारखान्यात हंगामी होते. शेवटचा पगार पंचवीस हजार. पीएफची पेन्शन 2,550 येते. अठ्ठावीस सीझन केले, तरी एवढीच का? त्यांच्या माघारी मला किती मिळेल? – एक भगिनी, करवीर तालुका

उत्तर : ताई, ही ईपीएस 95 ची, म्हणजे पीएफ खात्याच्या 1995 च्या पेन्शन योजनेची पेन्शन. ती पूर्ण पगारावर ठरत नाही. सप्टेंबर 2014 पूर्वीच्या नोकरीला 6,500 आणि नंतरच्या नोकरीला 15,000 ही कमाल मर्यादा, त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि 70 नं भागायचं. पगार मर्यादेच्या वर कितीही असो, तो धरत नाहीत. ह्या पेन्शनवर महागाई भत्ताही नाही.

पण तुमचा आकडा मला खटकला. अठरा वर्षं 6,500 नं आणि दहा वर्षं 15,000 नं धरली तर 3,800 च्या वर जाते, आणि वीस वर्षांहून जास्त नोकरी असली की दोन वर्षं वाढवून मिळतात, म्हणजे चार हजारांच्या घरात जायला हवी. 2,550 कुठून आले? वर्षाला आठच महिने धरले तर तेवढीच येते. योजनेतच लिहिलंय की हंगामी कामगारानं वर्षात जेवढी नोकरी केली तेवढी पूर्ण वर्ष म्हणून धरायची. माझा संशय चुकीचाही असेल, कदाचित मधले काही सीझन भरलेच गेले नसतील. तेव्हा भविष्य निधी कार्यालयात अर्ज देऊन पेन्शन कशी काढली त्याचा तक्ता मागा. तक्ता आला की त्यात सेवेची वर्षं किती लिहिलीत ते बघा आणि मला कळवा.

मालकांच्या माघारी तुम्हाला त्यांच्या पेन्शनच्या निम्मी मिळते, किमान 1,000 रुपये. म्हणूनच ही चूक असेल तर ती त्यांच्या हयातीतच दुरुस्त व्हायला हवी, नाहीतर निम्मीही चुकीचीच निघेल. हयातीच्या दाखल्याला तुम्हाला सरकारी पेन्शनरांसारखं नोव्हेंबरचं बंधन नाही. ज्या दिवशी दिलात तिथून वर्षभर चालतो.

प्रश्न : वडील सरकारी पेन्शनर, वय 84, अंथरुणाला खिळलेले. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत नेणं जमत नाही. काय करावं? – गडहिंग्लज

उत्तर : नेऊ नका. जीवन प्रमाण आणि आधारचं चेहरा ओळखणारं ॲप मोबाईलवर घेऊन घरबसल्या दाखला होतो, बोटांचे ठसे पुसट झालेल्यांनाही. ते जमलं नाही तर पोस्टमनला बोलवा, पोस्ट पेमेंट्स बँकेचे 70 रुपये घेऊन तो घरी येऊन करून जातो. पीपीओ क्रमांक आणि बँक खात्याचा क्रमांक हाताशी ठेवा. आणि वडिलांचं तोंड धुऊन, खिडकीकडे तोंड करून बसवा. उजेड कमी असला की ॲप चार-चार वेळा नाकारतं, आमच्या आईच्या वेळी असंच झालं होतं.