‘चिडवतात’ हे शाळेला इंग्रजीत कसं सांगायचं?

प्रश्न : आम्ही दोन वर्षांपूर्वी पुण्याहून इंग्लंडला आलो. मुलगा नऊ वर्षांचा आहे, इयर फाइव्हमध्ये. वर्गातली तीन मुलं त्याचं नाव मुद्दाम वेडंवाकडं उच्चारतात, डबा उघडला की नाक धरतात. मुलं त्याला ‘टीझ’ करतात, असं मी शिक्षिकेला ईमेलने कळवलं. ‘थोडं बँटर चालतं, लक्ष ठेवते,’ असं उत्तर आलं. सासरे म्हणतात, “पोरं चिडवणारच, त्यात काय एवढं!” आता पोह्यांचा डबा तसाच परत येतो. मी राईचा पर्वत करते आहे का?

उत्तर : नाही ताई. नऊ वर्षांचं पोर दिवसभर उपाशी राहून घरी येतंय. ही राई नाही.

तुमच्या ईमेलला असं उत्तर आलं ते बहुधा एका शब्दामुळे. आपल्या ‘चिडवणं’ या शब्दात फार काय काय मावतं. आत्या भाच्याला चिडवते, मेव्हण्या नवरदेवाला चिडवतात, त्यात माया असते. एखाद्याला रडू येईस्तोवर घेरणारी पोरंही ‘चिडवतात’च. फरक दाखवायचा तर मराठीत शब्दांना तोटा नाही. थट्टा, मस्करी, फिरकी हे एका अंगाला. टिंगल, टवाळी, हिणवणं, डिवचणं हे दुसऱ्या अंगाला. आणि त्याही पलीकडे छळ. पण इंग्रजीत लिहायला बसलो की या सगळ्यासाठी आपल्या हातून ‘टीझ’च उतरतं. भारतात रस्त्यावर मुलींची छेड काढण्याला ‘ईव्ह टीझिंग’ म्हणतात, म्हणून आपल्या कानाला तो शब्द गंभीर वाटतो. तिथल्या शिक्षिकेच्या कानाला तो हलका लागतो. तुम्ही छळ सांगितलात, त्यांनी मस्करी ऐकली.

‘बँटर’ म्हणजे दोन्ही बाजूंनी चाललेली टोलवाटोलवी, जिच्यात दोघंही हसतात. ब्रिटनमध्ये ‘टेकिंग द मिकी’ म्हणजे टर उडवणं आणि ‘वाइंडिंग अप’ म्हणजे मुद्दाम चिडीला आणणं. मित्रामित्रांत हे दोन्ही सर्रास चालतं आणि त्यात प्रत्येक वेळी वाईट हेतू असतोच असं नाही. म्हणून मुलगा घरी येऊन ‘ही वॉज वाइंडिंग मी अप’ म्हणाला, तर लगेच शाळेत धाव घेऊ नका. त्यानेही उलट फिरकी घेतली का आणि शेवटी दोघं मिळून खेळायला गेले का, एवढं विचारा. तीन जण एका बाजूला आणि एकटा मुलगा दुसऱ्या बाजूला, असं असेल तर ते बँटर नव्हे.

तुम्हाला हवे ते शब्द वेगळे आहेत. ‘पिकिंग ऑन’ म्हणजे सगळ्यांतून नेमकं एकालाच लक्ष्य करणं. नावाची, उच्चाराची, जेवणाची नक्कल करून खिल्ली उडवणं म्हणजे ‘मॉकिंग’. आणि ‘बुलिंग’. सोळाव्या शतकात ‘बुली’चा अर्थ चक्क ‘लाडका’ असा होता. आज त्यात लाडाचा मागमूसही उरलेला नाही. इंग्लंडच्या शिक्षण खात्याच्या मार्गदर्शनात बुलिंगच्या दोन खुणा ठळक आहेत : वागणं पुन्हा पुन्हा घडतं, आणि मुद्दाम दुखवण्यासाठी घडतं. मग ती इजा शरीराला असो वा मनाला. तुमच्या मुलाच्या बाबतीत दोन्ही खुणा दिसतात, तेव्हा हा शब्द लिहायला कचरू नका. 2006 च्या शिक्षण व तपासणी कायद्यानुसार तिथल्या स्थानिक प्रशासनाच्या शाळांच्या मुख्याध्यापकांना बुलिंग रोखण्याचे उपाय ठरवावेच लागतात. शाळेचं वर्तनविषयक धोरण तिच्या संकेतस्थळावर असतं. आधी ते वाचा आणि त्यातलेच शब्द वापरा.

आणखी एक गोष्ट लिहाच. नाव आणि जेवण यांवरून होणारी टिंगल मुलाच्या मुळांवर येते. 2010 च्या समानता कायद्यात ‘वंश’ या शब्दात वर्ण, राष्ट्रीयत्व आणि वांशिक मूळ हे सगळं येतं. हे नमूद केलंत की शाळेला ते प्रकरण वेगळ्या गांभीर्याने बघावं लागतं. आपण पाहुणे, कशाला वाद, असं पुष्कळ मराठी आईवडिलांना वाटतं. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण त्या संकोचाची किंमत पोर मोजतं.

पण ईमेलच्या आधी मुलाशी बोला, आणि मराठीत बोला. ‘कोणी चिडवलं का?’ असं विचारलंत तर ‘नाही’ हेच उत्तर येईल. तिथे मोठ्यांना जाऊन सांगणाऱ्या मुलाला ‘टेलटेल’ म्हणतात, अमेरिकेत ‘टॅटलटेल’, ऑस्ट्रेलियात ‘डॉबर’. आपल्याकडे चहाडखोर म्हणतात तसंच. ते बिरूद कोणत्याच पोराला नको असतं. त्यापेक्षा ‘आज डबा कुणाशेजारी बसून उघडलास?’ असं विचारा. तो जे सांगेल ते तारखेसह त्याच्याच शब्दांत वहीत उतरवा. आठवडाभराच्या नोंदी झाल्या की पुन्हा लिहा : कोण, कधी, काय बोललं, किती दिवस डबा परत आला, मी याला बुलिंग समजते, शाळा काय करणार आणि कधीपर्यंत, ते लेखी कळवा. डबा मात्र परस्पर बदलून सँडविच देऊ नका. त्याला काय हवं ते त्यालाच ठरवू दे.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी : तिथल्या सर्व 50 राज्यांत शाळांतल्या बुलिंगविरुद्ध कायदे आहेत, पण व्याख्या राज्यागणिक वेगळ्या. आपल्या राज्याची शोधून वाचा.

एक सावधगिरी ‘हॅरॅसमेंट’ या शब्दाबद्दल. ‘उगाच हॅरॅस करू नकोस’ असं आपण घरात सहज म्हणतो. इंग्लंडमध्ये ऑफिसात हाच शब्द उच्चारला तर तक्रार नोंदवली जाऊ शकते. नुसती कटकट सांगायची असेल तर ‘बग’ पुरे, एखाद्या गोष्टीसाठी कुणी पिच्छा पुरवत असेल तर ‘पेस्टर’. लेक आजीला ‘स्टॉप नॅगिंग’ म्हणाली तर मात्र तिला थांबवा. ‘नॅग’ म्हणजे सतत मागे भुणभुण लावणं, आणि हा शब्द बहुतेकदा बायकांच्याच माथी मारला जातो.

सासऱ्यांना दुखवू नका. त्यांच्या मनात वाड्यातली, चाळीतली चिडवाचिडवी आहे, जिथे संध्याकाळी तीच पोरं एका ताटात जेवत. ही तीन मुलं तुमच्या मुलासोबत जेवतात का, एवढंच त्यांना विचारा. नातवाला शाळेतून आणायला एखाद्या दिवशी त्यांनाच पाठवा. फाटकाशी तो कसा एकटा बाहेर येतो, ते त्यांना दिसेल.

आणि मुलाला तुमच्याशीही बोलावंसं वाटलं नाही, तर ब्रिटनमध्ये चाइल्डलाइनचा 0800 1111 हा क्रमांक मुलांसाठी मोफत आहे. तो फ्रिजवर लावून ठेवा. हाफ टर्मनंतर, म्हणजे सत्राच्या मधल्या सुट्टीनंतर, काय झालं ते मला जरूर कळवा.